विश्लेषण : सरकारने मागितले, कंपनीने दिले... वापरकर्त्याच्या हक्कांचे काय?

सरकारने वापरकर्त्याची माहिती मागितली तर तंत्रज्ञान कंपनीने ती मुकाट्याने द्यायची का? चीनमधील एका पत्रकाराच्या तुरुंगवासानंतर हा प्रश्न जगभर गाजला.

प्रकरण काय?

पत्रकार शी ताओ यांनी एप्रिल २००४ मध्ये याहूच्या खात्यावरून अमेरिकेतील एका चिनी लोकशाहीवादी संकेतस्थळाला ई-मेल पाठवला. तिआनानमेन हत्याकांडाला १५ वर्षे होत असताना वृत्तपत्रांनी कोणती खबरदारी घ्यावी, याबाबतच्या सरकारी सूचनांचा तपशील त्यात होता. चिनी यंत्रणेने मागणी करताच याहूच्या उपकंपनीने खात्याची माहिती दिली. देशाची गुपिते फोडल्याच्या आरोपाखाली २००५ मध्ये शी ताओ यांना १० वर्षांची शिक्षा झाली. ते २०१३ मध्ये सुटले.

याहूचा बचाव काय?

‘आम्ही स्थानिक कायदा पाळला.’ नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने कंपनीचे प्रमुख जेरी यांग यांना धारेवर धरले. सुनावणीला आलेल्या शी ताओ यांच्या आईसमोर यांग यांना झुकावे लागले. काही दिवसांतच याहूने कुटुंबाशी न्यायालयाबाहेर तडजोड केली.

पुढे काय बदलले?

याहू, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २००८ मध्ये मानवाधिकार संघटना, अभ्यासक व गुंतवणूकदारांसह ‘ग्लोबल नेटवर्क इनिशिएटिव्ह’ स्थापन केले. सरकारी मागणी लेखी घ्यावी, तिचा मर्यादित अर्थ लावावा आणि ती अवाजवी असल्यास आव्हान द्यावे, अशी त्याची तत्त्वे आहेत. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांनीही स्पष्ट केले, की हक्कांचे रक्षण हे सरकारचे कर्तव्य असले, तरी त्यांचा आदर राखणे ही कंपन्यांचीही जबाबदारी आहे. मात्र हे सारे ऐच्छिक. मोडल्यास दंड नाही.

भारतात काय स्थिती?

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार, आदेश मिळाल्यास मोठ्या संदेशसेवांनी एखादा संदेश सर्वप्रथम कोणी पाठवला हे शोधून द्यायचे आहे. गंभीर गुन्ह्यांच्या तपासासाठी हे आवश्यक असल्याचे सरकार सांगते. त्यासाठी सर्वांच्याच संदेशांचे एन्क्रिप्शन मोडावे लागेल, असे सांगत व्हॉट्सॲपने मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली.

शी ताओ प्रकरणाचा धडा इथेच लागू पडतो. कंपनीकडे जी माहितीच नाही, ती कोणी मागूनही देता येत नाही. त्यामुळे माहिती कोणाला दिली, याइतकाच ती मुळात साठवली कशासाठी, हा प्रश्नही कंपन्यांना विचारला पाहिजे.