खुब्यातला दांडा आखूड होत गेला तेव्हा

कृत्रिम खुब्याचा जो भाग मांडीच्या हाडात ठोकून बसवतात, त्याला स्टेम म्हणतात. आपल्या भाषेत दांडा. १९६२च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्या राइटिंग्टन इथे जॉन चार्नली यांनी पॉलिथिनची वाटी आणि धातूचा गोळा असलेला खुबा बसवायला सुरुवात केली, तेव्हा हा दांडा लांब होता आणि हाडाच्या पोकळीत अ‍ॅक्रिलिक सिमेंटने पक्का केलेला होता. या शस्त्रक्रियेने असंख्य माणसं वेदनेतून सुटून पुन्हा चालू लागली.

पण तरुण रुग्णांचे दांडे काही वर्षांत ढिले होऊ लागले. दोष सिमेंटवर आला. पॉलिथिन झिजून सुटणारे कण हाड पोखरतात, हे पुढे उमगलं. तोवर सिमेंटविना दांडा बसवायचे प्रयत्न सुरू झाले होते. टायटॅनियम आणि जिवंत हाड एकजीव होतात, हे स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी दाखवलंच होतं. १९७७मध्ये अमेरिकेत चार्ल्स एंग यांनी अंगभर बारीक छिद्रं असलेला लांब दांडा वापरला. हाड छिद्रांत शिरलं, पकड पक्की झाली. मात्र पुढच्या एक्स-रेंमध्ये काही रुग्णांचं हाड दांड्याच्या टोकाशी जाड आणि वर खुब्याजवळ विरळ दिसू लागलं. काहींची मांडी चालताना दुखे.

याचं कारण युलियस वोल्फ यांनी १८९२मध्येच सांगून ठेवलं होतं: भार पडतो तिथे हाड भरतं, भार सुटतो तिथे झिजतं. टायटॅनियमचा मिश्रधातू हाडाच्या पाच-सहा पट ताठ, कोबाल्ट-क्रोम दहा पटींहून अधिक. त्यात गोल दांड्याची जाडी दुप्पट केली, की तो वाकवायला सोळा पट जोर लागतो. असा दांडा खाली घट्ट धरला गेला, की अंगाचा भार धातूतूनच खाली उतरतो आणि वरचं हाड बिनकामाचं होतं.

मग भार वरच का देऊ नये? १९७८मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हुग्लर आणि जेकब यांनी दांडाच वगळून हाडाच्या मानेवर टेकणारी पट्टी आणि बोल्ट योजला. १९८५मध्ये मेयो क्लिनिकमध्ये बर्नार्ड मॉरी यांनी मान राखणारा, पाचरीसारखा आखूड दांडा आणला. २००० नंतर वळणदार आखूड दांड्यांच्या अनेक घडणी आल्या.

आखूड दांड्याचा कस लागतो तो पहिल्या काही आठवड्यांत. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. बर्लिनमध्ये बेर्गमान यांनी रुग्णांच्या कृत्रिम सांध्यातच मापक बसवून तो मोजला. जिना चढताना त्यात पिळाची भर पडते. लांब दांड्याला धरायला हाडाची लांबी असते; आखूड दांड्याला मानेचं कडं आणि दोन-तीन टेकू एवढ्यावर तो पीळ सोसावा लागतो. १९८६मध्ये पिलियर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की रोपण आणि हाड यांच्यातली हालचाल २८ मायक्रॉनच्या आत राहिली तर हाड छिद्रांत वाढतं. १५० मायक्रॉनवर गेली तर तिथे नुसती तंतुमय ऊती तयार होते. १५० मायक्रॉन म्हणजे दोन-तीन केसांची जाडी!

म्हणून शस्त्रक्रियेत सर्जन रॅस्पवर, म्हणजे दांड्यासाठी हाडात जागा कोरणाऱ्या कानशीवर, हातोडी मारताना कान देऊन असतो. रॅस्प पोकळीत घट्ट बसत आला की बोदा आवाज खणखणीत होतो. तिथे थांबायचं, आणखी एक घाव जास्त पडला तर हाडाला चीर जाऊ शकते.

पुढची परीक्षा स्वीडनच्या सेल्विक यांनी घडवलेल्या पद्धतीने होते: हाडात टॅंटलमचे मणी सोडून क्ष-किरणांनी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंतचं सरकणं मोजतात. अनेक आखूड दांडे पहिल्या काही महिन्यांत थोडे खाली बसतात आणि मग स्थिरावतात. जो सरकतच राहतो, त्याचीच धास्ती.

आखूड दांडा प्रत्येकासाठी नाही. वयस्कांच्या ठिसूळ हाडात दांड्याभोवती मोड होण्याचा धोका सिमेंटने कमी होतो, आणि तिथे सिमेंटच हवं. पण चाळिशीतल्या रुग्णाला आयुष्यात कधीतरी दांडा बदलावा लागण्याची शक्यता मोठी. त्या दिवशी सर्जनला नवा दांडा रोवायला जागा मिळते ती आज राखलेल्या हाडातच.