चकलांबा आणि पुढची वीस वर्षे : विकास आराखड्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

एखाद्या शहराचा किंवा गावाचा दीर्घकालीन आराखडा म्हणजे तेथील जमीन, पाणी, रस्ते, शाळा, दवाखाने आणि मोकळ्या जागा यांचा वापर पुढील काही दशकांत कसा व्हावा, याविषयी आधी विचार करून घेतलेला आणि कायद्याच्या चौकटीत मान्य झालेला निर्णय होय. त्याची फेरमांडणी करणे म्हणजे बदललेल्या परिस्थितीत कोणाची कोणती गरज आधी भागवायची, हा क्रम नव्याने लावणे. मुंबई-पुण्याच्या आराखड्यांवरून झालेले वाद वर्तमानपत्रांतून सर्वदूर पोहोचतात आणि त्यांतून तयार झालेल्या समजुती बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या मोठ्या गावालाही सरसकट लावल्या जातात. शहर आणि गाव यांच्या नियोजनाचे कायदे, कालमर्यादा आणि निधीचे मार्ग मात्र वेगवेगळे असल्यामुळे या समजुती एकेक करून तपासणे उपयुक्त ठरते.

गैरसमज १ : आराखडा शहराचा असतो, गावाला दरवर्षीच्या कामांची यादी पुरते.

वस्तुस्थिती अशी की, ७३व्या घटनादुरुस्तीने संविधानात समाविष्ट झालेल्या अनुच्छेद २४३-छ नुसार आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय यांसाठी योजना तयार करण्याचे काम पंचायतींकडे सोपवता येते, आणि अकराव्या अनुसूचीत त्यासाठी शेती, लघुपाटबंधारे, पिण्याचे पाणी, शिक्षण, आरोग्य असे २९ विषय दिलेले आहेत. महाराष्ट्रात चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात, २०१५ पासून, ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमातून प्रत्येक ग्रामपंचायतीने पाच वर्षांचा आराखडा आणि त्यातून निघणारा वार्षिक आराखडा तयार करण्याची पद्धत सुरू झाली. अलीकडच्या काळात या आराखड्याला शाश्वत विकासाच्या नऊ संकल्पनांची जोड देण्यात आली असून गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव अशा संकल्पनांतून गावाने आपला संकल्प निवडायचा असतो. वार्षिक यादी ही या दीर्घ विचाराची शेवटची पायरी आहे. व्यवहारात तीच पहिली आणि एकमेव पायरी होते, म्हणून एका वर्षी केलेला सिमेंटचा रस्ता दुसऱ्या वर्षी जलवाहिनीसाठी फोडण्याची वेळ येते.

गैरसमज २ : गेवराई शहराचा आराखडा चकलांब्यालाही लागू होतो, आणि गाव वाढले की ते आपोआप नगरपंचायत होते.

वस्तुस्थिती अशी की, शहराची विकास योजना ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’ या कायद्याखाली तयार होते आणि ती संबंधित नियोजन प्राधिकरणाच्या, म्हणजे गेवराईच्या बाबतीत तेथील नगरपरिषदेच्या, हद्दीपुरतीच लागू असते. चकलांब्याचा कारभार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाखाली चालतो आणि त्याचा विकास आराखडा ग्रामसभेसमोर येतो. नगरपंचायत ही ग्रामीण भागातून नागरी भागात संक्रमण करणाऱ्या क्षेत्रासाठी असते. लोकसंख्या, घनता, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण, स्थानिक महसूल आणि आर्थिक महत्त्व हे घटक पाहून राज्य शासन तशी अधिसूचना काढते, केवळ घरे वाढली म्हणून दर्जा बदलत नाही. बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज आणि वडवणी येथे नगरपंचायती झाल्या, कारण राज्याने तालुक्याच्या मुख्यालयांना नागरी दर्जा देण्याचे धोरण स्वीकारले होते. चकलांबा येथे स्वतंत्र पोलीस ठाणे असले तरी ते तालुक्याचे मुख्यालय नाही.

गैरसमज ३ : एकदा मंजूर झालेला आराखडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

वस्तुस्थिती याच्या उलट आहे. १९६६च्या अधिनियमातील कलम ३८ नुसार मंजूर विकास योजना अमलात आल्यापासून वीस वर्षांत किमान एकदा तिची सुधारणा करावी लागते, तर किरकोळ फेरबदल कलम ३७ खाली मधल्या काळातही करता येतात. सुधारणा करताना आधी हद्दीतील जमिनीचा प्रत्यक्ष वापर कसा होत आहे याचे सर्वेक्षण होते, मग प्रारूप योजना, म्हणजे अंतिम मंजुरीपूर्वीचा कच्चा आराखडा, प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवल्या जातात, नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेते आणि अखेरीस राज्य शासन योजनेला मंजुरी देते.

हरकती घेतल्याने काय साधते, असा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी मुंबईचे उदाहरण पुरेसे आहे. तेथील २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातील चुकांवर एवढी टीका झाली की, त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्य शासनाने तो नव्याने तपासून दुरुस्त करण्याचे आदेश दिले. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये लोकांसमोर आले आणि अंतिम आराखडा सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आला. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा मात्र विलंबाची किंमत दाखवतो, कारण २००७ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या त्या योजनेची सूत्रे राज्य शासनाने २०१५ मध्ये आपल्याकडे घेतली आणि तिला मंजुरी जानेवारी २०१७ मध्ये मिळाली, तोवर तिच्या मुदतीतील निम्मी वर्षे सरून गेली होती.

गैरसमज ४ : आरक्षण पडले म्हणजे जमीन गेली, म्हणून गावाला नागरी दर्जा नकोच.

आरक्षण म्हणजे शाळा, उद्यान, बाजार अशा सार्वजनिक कामासाठी एखादा भूखंड राखून ठेवल्याची आराखड्यातील नोंद. त्या नोंदीने सातबाऱ्यावरील मालकाचे नाव बदलत नाही. जमीन प्रत्यक्ष ताब्यात घ्यायची तर कलम १२६ नुसार मालकाशी वाटाघाट करून मोबदला देणे, त्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क (बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागी वापरण्याची किंवा विकण्याची मुभा) किंवा वाढीव चटईक्षेत्र (भूखंडावर अधिक बांधकामाची परवानगी) देणे, अथवा भूसंपादनाची रीतसर प्रक्रिया करणे यांपैकी एक मार्ग अवलंबावा लागतो. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत यांपैकी काहीच झाले नाही, तर कलम १२७ खाली मालक प्राधिकरणाला नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. जमीनमालकाची अडचण खरीच असते, कारण मधल्या काळात त्याला त्या भूखंडाचा हवा तसा वापर करता येत नाही. पण आरक्षण व्यपगत झाल्याने शाळेची किंवा मैदानाची जागा कायमची हातची जाते, हे नुकसान सगळ्या वस्तीचे असते. त्यामुळे जेवढ्या जागा घेण्याची ऐपत आहे तेवढीच आरक्षणे टाकणे, हा आराखड्याच्या फेरमांडणीतील सर्वांत प्रामाणिक निर्णय ठरतो.

गैरसमज ५ : लोकसंख्येचा आकडा जनगणनेत तयारच असतो, नियोजनाला तेवढा पुरे.

बीड जिल्ह्याच्या बाबतीत हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. जनगणनेत माणूस त्याच्या नेहमीच्या राहत्या ठिकाणी मोजला जातो, मात्र गणनेच्या संपूर्ण काळात तो तेथे नसेल तर जेथे आढळेल तेथे त्याची नोंद होते. २०११ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली आणि पुढील जनगणनेचा संदर्भदिनही १ मार्च २०२७ असा ठरलेला आहे. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे मुकादमाकडून, अर्थात मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेला कोयता, अर्थात एकत्र ऊस तोडणारे नवरा-बायकोचे जोडपे, नेमका या काळात गावाबाहेर, कारखान्याच्या परिसरातील कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, असतो. अशा कुटुंबाची गणती त्याच्या गावात होत नाही, आणि त्याच आकड्यांवर पुढे निधीवाटप, पाणीपुरवठा आणि शाळाखोल्या यांचे हिशेब मांडले जातात.

पाण्याच्या हिशेबातून हे स्पष्ट होईल. जलजीवन मिशनचा निकष दरडोई दररोज ५५ लिटर असा आहे. उदाहरणादाखल ३,००० वस्तीच्या गावातील ६०० माणसे हंगामात बाहेर असतील, तर मोजणीत आलेल्या २,४०० माणसांना रोज १,३२,००० लिटर पाणी लागेल, तर सगळे परतल्यावर ही गरज १,६५,००० लिटर होईल. हा रोजचा ३३,००० लिटरचा फरक ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गावी येतात तेव्हा, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत उभा राहतो, आणि विहिरी व कूपनलिका तळ गाठतात तेही हेच महिने असतात. त्यामुळे गावाच्या आराखड्यात जनगणनेच्या आकड्याशेजारी हंगामी स्थलांतराचा आकडा स्वतंत्रपणे नोंदवणे आवश्यक ठरते. ऊसतोड कामगारांची नोंदणी करून त्यांना ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रे देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२१ मध्ये घेतलेला असल्याने ही माहिती गोळा करण्याची वाटही उपलब्ध आहे.

गैरसमज ६ : आधी निधी येऊ द्यावा, प्राधान्य मग ठरवता येते.

वस्तुस्थिती अशी की, निधी येतो तो बऱ्याच अंशी कामाचे नाव घेऊनच. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ पासूनच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे ती पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करता येत होती, आणि उरलेल्या ४० टक्क्यांतच ग्रामपंचायतीला निवडीला वाव होता. स्वतःच्या उत्पन्नातूनही महिला व बालकल्याणासाठी १० टक्के, मागासवर्गीयांसाठी १५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के रक्कम राखून ठेवावी लागते. जिच्या आराखड्यात पाणी, निचरा आणि शौचालये यांचा क्रम आधीच लागलेला असतो ती ग्रामपंचायत बंधित निधी वेळेत आणि उपयुक्त ठिकाणी वापरू शकते. तो क्रम नसेल तर मार्चअखेरीस जे काम लवकर उरकेल ते हाती घेतले जाते. सोळाव्या वित्त आयोगाचा कालावधी २०२६ ते २०३१ असा असल्यामुळे पाच वर्षांचा आराखडा नव्याने मांडण्याची ही स्वाभाविक वेळ आहे.

गैरसमज ७ : ग्रामसभेत ठराव झाला म्हणजे गावाने ठरवले.

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी असते, आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे मोठ्या गावात मूठभर लोकांच्या उपस्थितीतही ठराव कायदेशीर ठरू शकतो, मात्र त्यामागे गावाचे मत असेलच असे नाही. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद याच उणिवेवरचा उपाय आहे. ती सभा केवळ सह्यांपुरती उरली, तर पाण्याची खरी रांग जिला ठाऊक आहे तिचे म्हणणे आराखड्यात येत नाही.

याहून मोठी अडचण वेळापत्रकाची आहे. देशभरातील ग्रामपंचायतींचे आराखडे तयार करण्याची लोकसहभाग मोहीम २०१८ पासून सर्वसाधारणपणे २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात राबवली जाते, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या गाव सोडू लागतात; २६ जानेवारीच्या ग्रामसभेलाही त्या उसाच्या फडातच असतात. ज्यांना रोजगार, रेशन, मुलांची शाळा आणि उन्हाळ्यातले पाणी या चारही बाबतींत गावाच्या आराखड्याची सर्वाधिक गरज आहे, तेच अशा रीतीने त्याच्या चर्चेतून वगळले जातात, आणि यासाठी कोणालाही नियम मोडावा लागत नाही. नियमांच्या चौकटीतच यावर उपायही आहे : हंगाम संपून लोक परतल्यानंतर येणाऱ्या १ मेच्या ग्रामसभेत गरजांची यादी करावी, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तिचा क्रम ठरवून तो कार्यवृत्तात नोंदवावा, आणि ऑक्टोबरच्या मोहिमेत त्याच क्रमाला आराखड्याचे रीतसर रूप देऊन तो ई-ग्रामस्वराज या ग्रामपंचायतींच्या ऑनलाइन प्रणालीवर भरावा. तारखांचा एवढा मेळ घातला गेला, तर गावाची पुढील वीस वर्षे ठरवताना वर्षातले सहा महिने बाहेर राहणाऱ्यांचा शब्दही मोजला जाईल.