एक व्यक्ती, दोन ओळखी
भिन्न कार्यप्रणालींच्या संगणकांत खात्यांचा मेळ कसा ठेवतात?

शासकीय कचेऱ्या, बँका, रुग्णालये आणि विद्यापीठे यांचे दप्तर आता मोठ्या प्रमाणावर संगणकांत साठविले जाते. कागदी दप्तराला कपाट असे, कपाटाला कुलूप असे आणि किल्ली कोणाच्या ताब्यात आहे हे सर्वांना ठाऊक असे. संगणकातील दप्तराची किल्ली म्हणजे वापरकर्त्याचे खाते. कोणती नोंद कोणी वाचावी, कोणी दुरुस्त करावी आणि कोणी तिला हातही लावू नये, हे त्या खात्यावरूनच ठरते.

मात्र एकाच संस्थेत सर्व संगणक एकाच जातीचे असतात असे नाही. कर्मचाऱ्यांच्या मेजावरील संगणक बहुधा विंडोज या कार्यप्रणालीवर चालतात, तर दप्तराचा मुख्य साठा ज्या संगणकावर असतो तो पुष्कळदा युनिक्सच्या परंपरेतील लिनक्स किंवा सोलारिसवर चालतो. त्यामुळे एकाच कर्मचाऱ्याची दोन खाती होतात. ही दोन्ही खाती एकाच माणसाची आहेत, हे यंत्राला आपोआप कळत नाही. ते त्याला सांगावे लागते. या कामाला खात्यांचा मेळ घालणे किंवा मॅपिंग असे म्हणतात.

नाव माणसासाठी, क्रमांक यंत्रासाठी

युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे तिचे प्रमुख शिल्पकार. या प्रणालीत प्रत्येक खात्याला एक क्रमांक दिला जातो. त्याला यूआयडी म्हणतात. सर्वाधिकार असलेल्या ‘रूट’ या खात्याचा क्रमांक ० असतो. अनेक लिनक्स संगणकांवर सामान्य वापरकर्त्यांचे क्रमांक १००० पासून सुरू होतात. फाइलीवर मालक म्हणून नोंदला जातो तो हा क्रमांक. पडद्यावर नाव दिसते, पण ते क्रमांकावरून शोधून दाखविलेले असते.

विंडोज एनटी ही प्रणाली १९९३ मध्ये बाजारात आली. तिच्यातील आणि तिच्या आजच्या वारसांतील ओळख निराळ्या घडणीची आहे. तेथे प्रत्येक खात्याला एसआयडी नावाची लांबलचक ओळखखूण मिळते. तिच्या पूर्वार्धावरून खाते कोणत्या संगणकाचे वा कोणत्या समूहाचे, म्हणजे डोमेनचे, आहे ते कळते. शेवटचा भाग म्हणजे त्या समूहातील खात्याचा क्रमांक. त्याला आरआयडी म्हणतात. ॲडमिनिस्ट्रेटर या मूळ खात्याचा आरआयडी नेहमी ५०० असतो. खाते नष्ट झाले तरी त्याची एसआयडी त्या डोमेनमध्ये दुसऱ्याला दिली जात नाही. युनिक्समध्ये मात्र रिकामा झालेला क्रमांक पुन्हा देता येतो.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ही अडचण समजणे कठीण नाही. ज्या गावांत जमीन एकत्रीकरणाची योजना अंमलात आली, तेथे जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी नवे गट नंबर आले. जमीन तीच राहिली, पण जुन्या कागदावरील नंबर आणि नव्या सात-बारावरील नंबर निराळे झाले. कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला याचा तक्ता हाती नसेल, तर जुना दस्त खरा असूनही त्याचा उपयोग होत नाही. आणि तक्त्यात चूक असेल, तर एकाची जमीन दुसऱ्याच्या नावे दिसू लागते. संगणकातील खात्यांच्या मेळाचे स्वरूप अगदी असेच आहे.

मेळ नसल्यास काय घडते?

एका संगणकावरील फाइली दुसऱ्या संगणकावरून वापरता याव्यात म्हणून सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये एनएफएस ही पद्धत प्रचारात आणली. तिच्या साध्या आणि आजही रूढ असलेल्या रीतीत मागणी करणारा संगणक वापरकर्त्याचा क्रमांक पाठवितो आणि साठ्याचा संगणक त्यावर विश्वास ठेवतो. आता एका संगणकावर १००० हा क्रमांक लेखापालाचा आणि दुसऱ्यावर तोच क्रमांक भांडारपालाचा असेल, तर भांडारपालाला लेखापालाच्या फाइली स्वतःच्या म्हणून उघडता येतील. यात कोणीही कुलूप तोडलेले नसते; यंत्राने आपल्या समजुतीप्रमाणे योग्य माणसालाच आत सोडलेले असते.

दुसरा धोका बदली आणि निवृत्ती यांच्या वेळी उद्भवतो. कर्मचारी गेला, त्याचे खाते काढले, पण त्याच्या फाइली साठ्यात राहिल्या. काही महिन्यांनी तोच क्रमांक नव्या कर्मचाऱ्याला दिला गेला, तर जुन्या सर्व फाइलींचा तो मालक ठरतो. पुढे एखाद्या नोंदीबाबत चौकशी झाली, तर ज्याने ती कधी पाहिलीही नव्हती त्याच्याकडे बोट दाखविले जाण्याचा संभव असतो.

सोलारिसमधील नियम

सोलारिस ही सनचीच प्रणाली. २०१० मध्ये ती कंपनी ओरॅकलकडे गेली आणि २०११ मध्ये सोलारिस ११ प्रसिद्ध झाली. तिच्यात मेळाच्या कामासाठी ‘आयडीमॅप’ नावाची आज्ञा आहे. संगणकाच्या पडद्यावर चित्रे न दाबता, एका ओळीत शब्द टंकित करून ती दिली जाते. (येथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, प्रत्यक्ष टंकन रोमन लिपीत करावयाचे असते.) विंडोजमधील लेखापालाचे खाते युनिक्सच्या ‘लेखा’ या खात्याशी जोडावयाचे झाल्यास आज्ञेचे स्वरूप असे असते :

आयडीमॅप ॲड विनयूजर:लेखापाल@डोमेन युनिक्सयूजर:लेखा

‘ॲड’ म्हणजे नियमाची भर घाल. ‘लिस्ट’ हा शब्द दिल्यास आतापर्यंतचे सर्व नियम दिसतात, ‘रिमूव्ह’ने नियम काढता येतो आणि ‘शो’ने एखाद्या खात्याची जोडी कोणती ते विचारता येते. दोन्हीकडची नावे सारखीच असतील, तर प्रत्येकासाठी स्वतंत्र नियम न लिहिता नावाच्या जागी तारांकन चिन्ह देऊन एकच सर्वसाधारण नियम करता येतो. विशिष्ट नावाचा नियम मात्र अशा सर्वसाधारण नियमावर मात करतो. नियम एकाच दिशेने लागू व्हावा अशीही सोय आहे.

ज्याच्यासाठी कोणताही नियम नाही असा विंडोजचा वापरकर्ता आला, तर सोलारिस त्याला तात्पुरता क्रमांक देते. हे क्रमांक २१४ कोटी ७४ लाखांच्या पुढचे असतात, म्हणजे नेहमीच्या खात्यांशी त्यांची गल्लत होत नाही. संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ते टिकत नाहीत. झेडएफएस या साठवणपद्धतीत अशा वापरकर्त्याच्या फाइलीवर मूळ विंडोज ओळख नोंदली जाते, त्यामुळे तेथे मालकी हरवत नाही. इतरत्र मात्र तात्पुरत्या क्रमांकावर विसंबता येत नाही.

सांबाची रीत

लिनक्सवर हे काम बहुतांशी ‘सांबा’ करते. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास सुरू केलेली ही प्रणाली विनामूल्य आहे. तिच्या ‘विनबाइंड’ या विभागाकडे मेळाचे काम असते. येथे दोन प्रमुख रीती ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिल्या रीतीत, जो वापरकर्ता आधी येईल त्याला पुढचा मोकळा क्रमांक मिळतो आणि त्याची नोंद त्या संगणकाच्या स्वतःच्या कोशात होते. एकच संगणक असेल तोवर हे ठीक चालते. दोन असतील, तर एकाच व्यक्तीला दोन ठिकाणी दोन क्रमांक मिळू शकतात आणि फाइली एकीकडून दुसरीकडे नेताच मालकी बदलते.

दुसऱ्या रीतीत क्रमांक हिशेबाने काढला जातो. समजा, त्या डोमेनसाठी १०,००० पासूनचे क्रमांक राखून ठेवले आहेत आणि वापरकर्त्याचा आरआयडी ११०५ आहे. या दोहोंची बेरीज ११,१०५. हाच त्याचा यूआयडी. सर्व संगणकांवर राखीव क्रमांकांचा आरंभ एकच ठेवला, तर उत्तरही सर्वत्र एकच येते. मात्र हा आरंभ नंतर बदलल्यास सर्वांची मालकी एकाच वेळी बिघडते. तो सुरुवातीलाच विचारपूर्वक ठरवून कायम ठेवणे हे म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

पडताळणीची साधने

लिहून दिलेल्या आज्ञेचा मोठा लाभ असा की तिची नोंद ठेवता येते. पन्नास खात्यांच्या आज्ञा एका फाइलीत लिहून त्या दुसऱ्या अधिकाऱ्याकडून तपासून घेता येतात आणि दुसऱ्या संगणकावर जशाच्या तशा वापरता येतात. काय केले आणि कोणत्या क्रमाने केले, याचा पुरावा मागे राहतो.

मेळ बरोबर आहे किंवा नाही, हे पाहण्याच्या आज्ञाही साध्या आहेत. विंडोजमध्ये ‘हूॲमआय’ या आज्ञेला ‘यूजर’ हा पर्याय जोडला, तर स्वतःची एसआयडी दिसते. युनिक्समध्ये ‘आयडी’ ही आज्ञा खात्याचा क्रमांक सांगते. ‘एलएस’ या आज्ञेला ‘एन’ हा पर्याय दिल्यास फाइलींच्या मालकांची नावे न दिसता मूळ क्रमांक दिसतात. सांबाची ‘डब्ल्यूबीइन्फो’ ही आज्ञा नावावरून एसआयडी आणि एसआयडीवरून यूआयडी काढून देते. ‘फाइंड’ या आज्ञेत ‘नोयूजर’ हा शब्द वापरला, तर ज्यांच्या मालकाचे खाते अस्तित्वात नाही अशा बेवारस फाइलींची यादी मिळते. ही यादी ठराविक काळाने काढून पाहणे हिताचे असते. नियम बदलल्यावर संगणकाच्या तात्पुरत्या स्मरणात जुनी जोडी काही काळ राहू शकते. ती पुसण्यासाठी आयडीमॅपमध्ये ‘फ्लश’ हा शब्द योजला आहे.

नोंदवही कोणाची?

या साऱ्या आज्ञा यंत्र पाळते, पण कोणती दोन खाती एका माणसाची आहेत हे ठरविणे माणसाचेच काम आहे. सोयीसाठी अनेक कर्मचाऱ्यांची विंडोज खाती युनिक्सच्या एकाच खात्याशी जोडण्याचा मोह होतो. तसे केल्यास काम अडत नाही, परंतु फाइलीवरील मालकाच्या नोंदीतून बदल कोणी केला हे कळेनासे होते. ॲडमिनिस्ट्रेटरला सरसकट रूटशी जोडणे याहून धोक्याचे. कारण एका बाजूचा परवलीचा शब्द फुटला की दोन्ही बाजूंची दारे उघडतात.

म्हणून काही पथ्ये पाळणे आवश्यक ठरते. एका व्यक्तीला सर्वत्र एकच क्रमांक असावा. गेलेल्या कर्मचाऱ्याचा क्रमांक पुन्हा कोणाला देऊ नये. आजच्या युनिक्स वर्गातील प्रणालींत चार अब्जांहून अधिक क्रमांक उपलब्ध असल्याने त्यांची काटकसर करण्याचे कारण उरलेले नाही. मेळाच्या नियमांची प्रत त्या संगणकाबाहेरही जपून ठेवावी, आणि हे काम कोणाकडे आहे ते लेखी ठरलेले असावे. निवृत्तिवेतनाची फाइल असो, रुग्णाची नोंद असो वा विद्यार्थ्याची गुणपत्रिका असो, तिच्यावर ज्याचे नाव दिसते त्यानेच ती हाताळली आहे, ही खात्री नागरिकाला मिळते ती या काटेकोर नोंदवहीमुळे.