डॉक्टर व्हायचंय, मग इंग्रजी-इतिहासाचे कोर्स कशाला?

आजचा विषय एका श्रोतीच्या प्रश्नावरून घेतलाय. ती अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. विचारते, “मला डॉक्टर व्हायचंय. कॉलेजचे अ‍ॅडव्हायझर म्हणतात, इंग्रजी आणि समाजशास्त्राचा कोर्स घे. आई-बाबा म्हणतात, त्यात वेळ घालवू नकोस, केमिस्ट्रीकडे बघ. मी कुणाचं ऐकू?”

थेट उत्तर देते: या बाबतीत अ‍ॅडव्हायझरचं. पण आई-बाबा असं का म्हणतात, तेही समजून घ्या. आपल्याकडे बारावी झाली की नीट. ७२० गुण, आणि ते सगळे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे. सायन्सला गेलेल्या बहुतेकांचा इतिहास दहावीलाच सुटतो. या रस्त्यावर वाढलेल्या माणसाला कादंबरीवरचा निबंध म्हणजे टाइमपासच वाटणार. त्यात त्यांची चूक नाही. रस्ताच वेगळा आहे.

अमेरिकेत आधी साधारण चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल. ‘प्री-मेड’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. पण तो सहसा पदवीचा विषय नसतो, ती कोर्सेसची यादी असते. तुम्ही पदवी तत्त्वज्ञानात करा नाहीतर संगीतात, यादी पूर्ण झाली की अर्ज करता येतो.

यादीत काय असतं? साधारणपणे बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, प्रत्येकी एक वर्ष, लॅबसकट. बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्रीही. आणि मग येतो तो भाग, जो आपल्या घरांमध्ये हमखास दुर्लक्षित होतो: इंग्रजी किंवा लेखनावर भर असलेले कोर्स, आणि काही ठिकाणी मानव्यविद्या व समाजशास्त्रं. म्हणजे साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र वगैरे.

हे सगळीकडे सारखं नसतं. जॉन्स हॉपकिन्सने या विषयांचे २४ सेमिस्टर अवर्स मागितलेले आहेत, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे आठ कोर्स! उलट स्टॅनफर्डचं मेडिकल स्कूल ठरावीक कोर्सेसची सक्ती करत नाही, तयारी कशी असावी एवढंच सुचवतं. म्हणून जिथे अर्ज करायचाय, त्या प्रत्येक स्कूलची त्या वर्षीची अट त्यांच्या वेबसाइटवर स्वतः वाचा. दादा-ताईंच्या वेळची यादी चालेलच असं नाही.

बरं, अट नसली तरी सुटका नाही, कारण मध्ये एमकॅट ही प्रवेश परीक्षा आहे. तिचे चार विभाग. एक मानसशास्त्र-समाजशास्त्राचा, तो २०१५ पासून आला. दुसरा ‘कार्स’: ९० मिनिटं, ५३ प्रश्न. कला, इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र अशा विषयांवरचे उतारे देतात आणि विचारतात, लेखकाचं म्हणणं काय, कशाच्या जोरावर, कुठे कच्चं आहे? पाठांतराला इथे वावच नाही, उत्तर उताऱ्यातूनच काढायचं. प्रत्येक विभागाला जास्तीत जास्त १३२ गुण, मग तो केमिस्ट्रीचा असो की कार्सचा. वाचनाची ही सवय दोन महिन्यांच्या क्लासने लागत नाही, दोन-तीन वर्षांच्या वाचनाने लागते.

आता, ही कल्पना आली कुठून? आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तेव्हा कॉलेजची पदवी नसतानाही प्रवेश मिळत असे. १८९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल उघडलं. त्यांनी आधीची पदवी मागितली, सायन्स मागितलं आणि सोबत फ्रेंच-जर्मन वाचता येणंही मागितलं. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर सायन्सची यादी देशभर पक्की होत गेली.

मग कुणीतरी उलटा प्रयोग केला. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायने १९८७ मध्ये मानव्यविद्या शिकणाऱ्या मुलांना कॉलेजमध्ये असतानाच प्रवेश द्यायला सुरुवात केली, एमकॅटशिवाय. २०१० मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वैद्यकीय परवान्याच्या पहिल्या परीक्षेत या मुलांना थोडे कमी गुण होते. पण प्रत्यक्ष पेशंटसोबतच्या कामात ती इतरांच्या बरोबरीची निघाली.

का, ते एका साध्या उदाहरणातून बघा. आजी दवाखान्यात येते आणि म्हणते, “जीव घाबरा होतो.” म्हणजे नक्की काय? धडधड? दम लागणं? की रात्री एकटं असल्याची भीती? मशीन लावायचं कुठलं, हे त्या तीन शब्दांचा अर्थ लावल्यावर ठरतं. शब्दांमागचा माणूस वाचायचा, घाई न करता. साहित्याच्या वर्गात वेगळं काय करतात?

भारतातही २०१९ पासून एमबीबीएसमध्ये नीतिमूल्यं आणि संवाद शिकवण्यासाठी वेगळं मोड्यूल आलंय. फरक इतकाच, आपण ते प्रवेशानंतर शिकवतो.

आता कामाच्या गोष्टी.

एक, सायन्सचा जीपीए वेगळा काढतात, पण एकूण जीपीएत इंग्रजीचा ग्रेडही धरतात. ‘सोपा विषय’ म्हणून हलक्यात घेऊ नका.

दोन, शाळेत केलेल्या एपी इंग्रजीचं क्रेडिट काही मेडिकल स्कूल धरत नाहीत. आधी विचारा.

तीन, शक्यतो छोटा वर्ग निवडा, जिथे प्राध्यापक तुम्हाला नावाने ओळखतील. अनेक ठिकाणी सायन्सबाहेरच्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र मागतात. दोनशे जणांच्या वर्गात मागे बसून ते मिळत नाही.

चार, हे महाराष्ट्रातून ऐकणाऱ्यांसाठी. तुम्ही एमबीबीएस करून अमेरिकेत रेसिडेन्सीला जाणार असाल, तर ही यादी तुम्हाला लागू नाही, तुमचा रस्ता यूएसएमएलईचा. आणि इथे बीएससी करून थेट तिथल्या एमडीला जायचा विचार असेल, तर सावध! बहुतेक स्कूल्सना अमेरिका किंवा कॅनडात केलेले कोर्स लागतात, आणि परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी स्कूल्स मुळात कमी आहेत.

तर प्रश्न विचारणाऱ्या मैत्रिणी, आई-बाबांशी वाद घालत बसू नकोस. तुला हव्या असलेल्या स्कूलचं प्रवेशाच्या अटींचं पान उघड आणि फोन त्यांच्या हातात दे. केमिस्ट्रीच्या खाली ‘इंग्रजी’ लिहिलेलं त्यांना स्वतःला दिसू दे.

आजच्यापुरतं एवढंच. भेटूया पुढच्या भागात, तोवर वाचत राहा!