पन्नास दिवसांची उधारी

नागपूरच्या महालातल्या आमच्या छापखान्यात गल्ल्याखाली बाबांची लाल खतावणी अजून आहे. इतवारीच्या कागदवाल्याचं पान उघडलं की डावीकडे जमा, उजवीकडे नावे आणि तळाशी पेन्सिलीनं 'शे. 2'. शेकडा दोन, म्हणजे शंभराला महिन्याकाठी दोन रुपये. कागदवाला साठ दिवस काही बोलत नसे, एकसष्टाव्या दिवसापासून व्याज धरी. लग्नसराईत त्याचे पैसे वेळेवर जात, पावसाळ्यात रखडत.

सेंट्रल बँकेनं 1980 मध्ये क्रेडिट कार्ड काढलं, पण आमच्या लेखी ते सीताबर्डीवरच्या मोठ्या शोरूमचं प्रकरण. काउंटरवर एक लोखंडी यंत्र. त्यात कार्ड ठेवायचं, वर कार्बनची स्लिप, आणि दांडा इकडून तिकडे खर्रकन ओढायचा. रक्कम मोठी असली तर दुकानदार फोन लावून मंजुरी घेई, तोवर गिऱ्हाईक छताकडे बघत उभं. बाबा म्हणायचे, "यापेक्षा आपला कागदवाला बरा. तोंड पाहून माल देतो."

2001 च्या नोव्हेंबरात सरकारी बँकांनी लघुउद्यमी क्रेडिट कार्ड आणलं. मर्यादा दोन लाखांची, पुढे वाढून दहा लाखांपर्यंत गेली. नाव कार्डाचं, पण ते कुठं घासता येत नसे. फोटो चिकटवलेलं पासबुकच ते, आत व्यापारी ज्याला 'सीसी', म्हणजे कॅश क्रेडिट, म्हणतो तोच जुना व्यवहार. आम्ही हसलो आणि घेतलं नाही. त्याचं व्याज वर्षाच्या हिशेबानं होतं, महिन्याच्या नव्हे. हा फरक कळायला मला सात वर्षं लागली.

खरं प्लास्टिकचं कार्ड 2006 मध्ये आलं, दुकानात येऊन बसलेल्या एका टायवाल्या पोराच्या आग्रहानं. "लाइफटाइम फ्री आहे सर." 2008 च्या पावसाळ्यात धंदा थंड होता आणि मी 60 हजारांचा कागद अन् शाई कार्डावर उचलली. बिलावर ठळक अक्षरात लिहिलेलं: किमान देय 3,000. वाटलं, वा, हप्ताच बांधून दिला की! पुढच्या बिलात शेकडा साडेतीननं 2,100 व्याज आणि त्यावर 12.36 टक्के सेवाकर, म्हणजे आणखी 260. भरलेल्या तीन हजारांतून मुद्दल उतरलं जेमतेम 640 रुपयांनी. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घासलं त्या दिवसापासून मीटर सुरू. सावकाराला नावं ठेवणारा मी सावकाराच्या वरचा दर मुकाट्यानं भरत होतो, तोही छापील बिलावर.

त्याच वर्षी जुलैत राष्ट्रीय ग्राहक आयोगानं वर्षाला 30 टक्क्यांवरचं कार्डव्याज अनुचित ठरवलं. पेपर वाचून खूश झालो, बिलातला साडेतीनचा आकडा मात्र हलला नाही. (तो निकाल सर्वोच्च न्यायालयानं 20 डिसेंबर 2024 रोजी रद्दही केला.) शेवटी बायकोची भिशी लागली, तेव्हा सुटलो. त्यावर तिनं काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

कार्ड निवडायला मी त्यानंतर शिकलो. पॉइंट आणि विमानतळावरचं लाउंज यांचं मला काय, मुंबईला जातो तो सेवाग्राम एक्सप्रेसनं. मी बघतो ती बिलाची तारीख. समजा बिल निघतं 12 ला आणि पैसे भरायचे 2 ला. तर 13 नोव्हेंबरची खरेदी 12 डिसेंबरच्या बिलात येते आणि 2 जानेवारीला चुकती होते. झाले पन्नास दिवस. तीच खरेदी 11 नोव्हेंबरला केली तर एकवीसच. म्हणून माझ्याकडे दोन कार्डं आहेत, एक 12 चं, एक 27 चं. जुलै 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बिलाची तारीख एकदा तरी बदलून मागता येते, ती मी मागून घेतली.

मजा अशी, की कागदवाल्याकडे मी कार्ड काढतच नाही. त्याचा मुलगा म्हणतो, "घेतो ना भाऊ, पण दोन टक्के वरून लागतील." त्याचे साठ दिवस फुकट असताना पन्नास दिवसांसाठी दोन टक्के का द्यायचे? कार्ड लागतं ते जिथं कुणी तोंड पाहून थांबत नाही तिथं: वीजबिल, सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं, ऑनलाइन मागवलेला मशीनचा सुटा भाग. आणि बिल फर्मच्या नावानं, जीएसटी नंबरासकट. एके वर्षी मुलाचे बूट आणि ऑफसेटच्या प्लेटा एकाच स्टेटमेंटात बघून आमच्या सीएनं कपाळाला हात लावला होता, तेव्हापासून घरचं कार्ड वेगळं.

कार्डानं पैसे घ्यायच्या बाजूला मी उशिराच आलो. 2016 च्या नोटाबंदीनंतर स्वाइप मशीन बसवलं. 14 एप्रिल 2017 ला पंतप्रधान मानकापूरच्या क्रीडासंकुलात आले, डिजिधन मेळ्याचा समारोप झाला, भीम-आधारचं उद्घाटन झालं. शहरभर फलक, आणि माझ्याकडे मशीनच्या भाड्याची पावती. जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिटवर दुकानदाराच्या पैशांतून होणारी कपात शून्य झाली, तेव्हा कुठं क्यूआरचा कागद काचेवर चिकटवला.

1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात उद्यम नोंदणीवाल्या सूक्ष्म उद्योगांसाठी 5 लाखांच्या मर्यादेचं कार्ड जाहीर झालं. ते ऐकून मी लघुउद्यमीचं पासबुक आठवलं. या खेपेला हसलो नाही, आधी व्याज वर्षाचं की महिन्याचं ते विचारणार आहे.

परवा एक गृहस्थ मुलीच्या लग्नाच्या पत्रिका न्यायला आले. चौदा हजार. क्यूआर स्कॅन केला, रुपे क्रेडिट कार्डावरून. 2022 पासून हे यूपीआयवर चालतं. छोट्या दुकानदाराला दोन हजारांपर्यंत कपात नाही, त्यावर आहे. तेवढी माझ्या खात्यातून गेली. क्यूआरच्या बोलक्या डबीतली बाई पैसे आल्याचं बोलली आणि गृहस्थ खुशीत म्हणाले, "पुढच्या महिन्यापर्यंत झंझट नाही."

मी सवयीनं बोटांवर दिवस मोजायला लागलो. "काकाजी, बिल कितीला निघतं तुमचं?"

"ते कोण पाहते," ते म्हणाले, "मेसेज येते ना. तीन-चार हजार भरले की होते."

मी पत्रिकांचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि त्यांना खुर्ची दिली.