हवामानाचा पुरावा आणि श्रद्धेची निवड

घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पू. १००० नंतर तेथील चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्याचे दिसून आले. या अवनतीचे कारण म. के. ढवळीकर यांनी वाढते अवर्षण मानले. हे अनुमान होय. नव्या पुराव्याने ते तपासता येते.

मात्र हवामानाच्या पुराव्याशी श्रद्धा जोडली गेली की अशी तपासणी कठीण होते. घग्गरचे पात्र हेच ऋग्वेदातील सरस्वतीचे होय, असे मानणारे अनेक जण नदी आटल्याचा पुरावा आवर्जून सांगतात. ती सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीपर्यंत बारमाही होती, हा २०१९ चा निष्कर्ष त्यांना सोयीचा वाटतो. परंतु सतलजने ते पात्र सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच, म्हणजे सिंधूच्या नगरांच्या उदयापूर्वी सोडले, हा २०१७ चा निष्कर्ष बहुधा गाळला जातो.

श्रद्धा हा येथे दोष नव्हे. अनुकूल तेवढाच पुरावा स्वीकारणे हा दोष होय. इनामगावच्या अवर्षणालाही हाच निकष लागू पडतो.