एंड्युरो शर्यतीतील समयगणक

एंड्युरो शर्यतीतील समयगणक : रस्ता सोडून रानवाटा, ओढे, टेकड्या व शेतजमिनींच्या कडेने जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या मोटारसायकल शर्यतीस एंड्युरो म्हणतात. अशा शर्यतीत स्वाराने ठरलेल्या सरासरी वेगाने मार्ग आक्रमावयाचा असतो. तो या क्षणी वेळापत्रकाच्या किती पुढे किंवा मागे आहे, हे सतत दाखविणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण म्हणजे समयगणक. हँडलवर बसविलेले हे उपकरण सिगारेटच्या पाकिटाहून फारसे मोठे नसते. त्याला चाकाचे फेरे आणि घड्याळाचे ठोके एवढ्या दोनच गोष्टी बाहेरून कळतात. बाकीचे सर्व गणित त्याच्यात आधीच भरून ठेवलेले असते.

धावपट्टीवरील शर्यतीत जो सर्वांत लवकर पोहोचतो तो जिंकतो. कालबद्ध एंड्युरोत लवकर पोहोचणे हा दोष मानला जातो व तो उशिरा पोहोचण्याहून मोठा असतो. अमेरिकेतील रूढ नियमांप्रमाणे तपासणी चौकीवर उशिरा येणाऱ्यास प्रत्येक मिनिटास एक दंडगुण बसतो. लवकर येणाऱ्यास पहिल्या मिनिटास दोन व त्यापुढील प्रत्येक मिनिटास पाच. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजयी. चौक्या कोठे आहेत हे स्वारांना सांगितलेले नसते. म्हणून केवळ शेवटी हिशेब जुळवून भागत नाही, तो वाटेवर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी जुळलेला असावा लागतो. चौकी दिसू लागल्यावर मध्येच थांबून वेळ काढण्यासही मनाई असते.

या प्रकाराचे मूळ मोटारसायकलीच्या टिकाऊपणाच्या चाचण्यांत आहे. आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची चाचणी प्रथम १९१३ मध्ये इंग्लंडमधील कार्लाइल येथे झाली; १९८१ पासून ती ‘एंड्युरो’ या नावाने भरते. तीत टप्प्याटप्प्याला वेळ नेमून दिलेला असतो, मोटारसायकलीची दुरुस्ती स्वाराने स्वतः करावयाची असते आणि अंतिम क्रम बव्हंशी वेगाच्या खास चाचण्यांवर ठरतो. अमेरिकेत मात्र १९२० नंतरच्या दशकात मिशिगन राज्यात सुरू झालेल्या जॅक पाइनसारख्या शर्यतींतून गुप्त चौक्यांची व मिनिटांच्या हिशेबाची परंपरा वाढली. समयगणकाची गरज निर्माण झाली ती या दुसऱ्या परंपरेत.

वेळेचा हिशेब : प्रत्येक मिनिटाला स्वारांची एक ओळ सोडतात. चौदाव्या ओळीतील स्वार प्रमुख घड्याळाप्रमाणे सुटण्याच्या मूळ वेळेनंतर चौदा मिनिटांनी निघतो. आपले घड्याळ तो चौदा मिनिटे मागे लावतो, म्हणजे निघताना त्याला मूळ वेळच दिसते आणि पुढील सर्व वजाबाकी टळते. सरासरी वेग असा निवडतात की, तोंडी हिशेब सोपा व्हावा. अमेरिकेत ताशी २४ मैल हा वेग आवडीचा आहे. कारण त्या वेगाने मिनिटाला बरोबर ०·४ मैल अंतर कापले जाते. मेट्रिक पद्धतीत ताशी ३६ किमी. हा तितकाच सोयीचा : दर मिनिटास ६०० मी. आणि दर दहा सेकंदांस १०० मी.

समजा, ओळ सकाळी ६ वाजता सुटली असे स्वाराचे घड्याळ दाखविते आणि वेग ताशी ३६ किमी. आहे. १३·२ किमी.वर त्याची योग्य वेळ ६ वाजून २२ मिनिटे होय. त्या मिनिटाच्या कोणत्याही सेकंदाला तो चौकीवर आला तरी दंड नाही. ६·२४ ला आला तर दोन दंडगुण, ६·२० ला आला तर सात. म्हणूनच अनुभवी स्वार मिनिटाच्या प्रारंभाला चिकटून राहत नाही, मध्याच्या सुमारास राहतो. दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक राहते. गुण सारखे झाल्यास निर्णय लावता यावा म्हणून काही चौक्यांवर सेकंदही नोंदवितात.

मार्गपत्रकात याशिवाय दोन गोष्टी असतात. एक, ठराविक अंतरावर सरासरी वेग बदलतो. दुसरी, अंतराची उडी. १३·२ किमी.वर आल्यावर अंतर १५·६ किमी. धरावे, असे पत्रकात लिहिलेले असते. प्रत्यक्षात न कापलेल्या या २·४ किमी.चा वेळ, म्हणजे चार मिनिटे, स्वाराला फुकट मिळतो. मागे पडलेला तो भरून काढतो. वेळेवर असलेला पेट्रोल भरतो किंवा नुसता थांबतो.

समयगणकाच्या आधी हे सर्व कागदावर व डोक्यात चाले. मार्गपत्रकाची लांब पट्टी दोन रुळांवर गुंडाळून हँडलवर लावीत, शेजारी मनगटी घड्याळ पट्ट्याने बांधीत आणि स्पीडोमीटरच्या केबलवर चालणारा किलोमीटर काटा वाचीत. आधल्या रात्री प्रत्येक मिनिटाचे अंतर पट्टीवर हाताने लिहून ठेवणे हा तयारीचा अर्धा भाग असे. धक्के खात जाताना तीन ठिकाणी नजर टाकून वजाबाकी करणे ही वेगळीच विद्या होती. चांगला स्वार तिच्यात कच्चा असेल, तर साधारण पण हिशेबी स्वार त्याला मागे टाकी.

रचना : पुढील चाकाच्या ब्रेकच्या तबकडीवर अगर तिच्या बोल्टात लहान चुंबक बसवितात. दुभागलेल्या दांड्यावर त्याच्यासमोर एक संवेदक असतो. चुंबक समोरून गेला की संवेदकातून विद्युत् स्पंद निघतो आणि तारेने उपकरणापर्यंत पोहोचतो. स्पंदांची संख्या व चाकाचा परीघ यांच्या गुणाकाराने अंतर मिळते. पुढील चाकच निवडण्याचे कारण उघड आहे : मागील चाक एंजिनाने फिरते व चिखलात जागच्या जागी घसरून फिरते, त्यामुळे न कापलेले अंतरही मोजले जाते.

उपकरणात क्वार्ट्झ घड्याळ असते. शर्यतीपूर्वी त्यात वेगबदलांची व उड्यांची अंतरे भरतात. सूक्ष्मप्रक्रियक दर क्षणी ‘या अंतराला किती वेळ व्हावयास हवा’ आणि ‘किती झाला’ यांची वजाबाकी करून उत्तर मिनिटे व सेकंदांत दाखवितो. अंगठ्याजवळच्या बटणाने अंतर कमीजास्त करता येते. वाट चुकून परत फिरल्यास जादा झालेले अंतर वजा करावे लागते. चौकी केवळ पूर्ण मिनिटाशी जुळणाऱ्या अंतरावर आणि मागील चौकीपासून किमान अंतर सोडूनच ठेवता येते, असा नियम जेथे आहे, तेथे पुढील संभाव्य चौकीचे ठिकाणही समयगणक सांगतो. १९८० नंतर सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त झाले व अशी उपकरणे प्रचारात आली. त्यांत अमेरिकेतील आयको या कंपनीचे ‘चेकमेट’ विशेष प्रसिद्ध आहे.

प्रमाणन : सु. ६९ सेंमी. व्यासाच्या पुढील चाकाचा परीघ सु. २१६ सेंमी. येतो. पण हा आकडा स्थिर नसतो. टायरमधील हवा कमी केली की तो घटतो, नव्या टायरच्या उंच गुट्ट्यांनी वाढतो आणि गुट्टे झिजले की पुन्हा घटतो. आयोजक प्रारंभी एक मोजलेला तुकडा देतात. त्यांचे १० किमी. तुमच्या उपकरणावर ९·९ किमी. दिसले, तर परीघ २१६ ऐवजी सु. २१८ सेंमी. भरावयाचा. येथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात लवकर येत नाही. उपकरण खऱ्या अंतराशी जुळविण्याचा काहीच उपयोग नसतो. ते आयोजकाने मोजलेल्या अंतराशी जुळले पाहिजे, मग त्याचे मोजमाप चुकीचे का असेना. ३० किमी.त एक टक्का फरक राहिला, तर ३०० मी. चुकतात, ताशी ३६ किमी. वेगाने तो अर्ध्या मिनिटाचा फरक होय. मिनिटाच्या मध्यावर चालणारा स्वार तेवढ्याने शेजारच्या मिनिटात जाऊन पडतो.

डहाणू-तलासरीचे उदाहरण : एकाच प्रदेशात सपाट वाट, चढण व पाणी यांचा हिशेब कसा बदलतो, हे पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागावरून चांगले समजते. डहाणू तालुक्याचा पश्चिम भाग सपाट किनारपट्टीचा. घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या वाड्या आहेत. पूर्वेकडे चारोटी, कासा या बाजूस सूर्या नदीचे खोरे व महालक्ष्मीच्या डोंगराचा परिसर, तर उत्तरेस तलासरीकडे टेकड्या, भातखाचरे व विखुरलेले वारली पाडे आहेत. मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटीवरून तलासरीकडे जातो. उन्हाळ्यात येथील गाडीवाट कोरडी व टणक असते; पावसाळ्यात तीच वाट खाचरांच्या बांधांवरून व वाहत्या ओहोळांतून जाते.

अशा वाटेचा ६ किमी.चा एक काल्पनिक टप्पा घेऊ. ताशी ३६ किमी. सरासरीने त्याला १० मिनिटे मिळतात. वाटेत एक ओहोळ आहे व तो ओलांडण्यात, मोटारसायकल ढकलण्यात चार मिनिटे गेली. उरलेल्या सहा मिनिटांत जवळजवळ सहाही किमी. कापावयाचे, म्हणजे वेग ताशी ६० किमी.च्या घरात जातो. समयगणक स्वाराला ‘चार मिनिटे मागे’ एवढेच सांगतो. पुढचा वळसा पाड्याच्या अंगणालगत आहे, तेथून गुरे व शाळेची मुले जातात, हे त्याला ठाऊक नसते. उपकरण जितके अचूक, तितका हा आकडा मनावर अधिक दडपण आणतो. त्यामुळे सरासरी वेग ठरविणे हे आयोजकाचे सर्वांत जबाबदारीचे काम ठरते : वस्तीच्या अलीकडे अंतराची उडी द्यावयाची, वस्तीतून जाताना वेग ताशी १५ किमी.सारखा उतरवावयाचा आणि तेथे उघड चौकी ठेवावयाची. लवकर येणाऱ्यास भारी दंड असतो त्याचे खरे कारणही येथे दिसते. वेगाचा मोह मोडण्यासाठी त्याहून स्वस्त उपाय सापडलेला नाही.

मोजमापाच्या चुकाही येथे ऋतूप्रमाणे बदलतात. मे महिन्यात मोजलेली वाट जुलैत तीच राहत नाही. पाणथळ खाचर टाळून स्वार बांधाला वळसा घालतो व त्याचे अंतर वाढते. ओल्या चिकण मातीच्या उतारावर पुढील चाक ब्रेकने अडकून घसरत गेले, तर कापलेले अंतर मोजलेच जात नाही. चिखल चाकाला व संवेदकाला चिकटतो, तार बाभळीच्या काट्याकुट्यांत तुटते. म्हणून मार्गपत्रकातील ठळक खुणा, उदा., मोरी, वडाचा पार, विजेचा खांब, याच शेवटी कामी येतात. त्या गाठल्या की उपकरणातील अंतर बटणाने दुरुस्त करावयाचे.

या प्रदेशात अशी शर्यत आखणे तांत्रिक बाबींवरच अवलंबून नाही. केंद्र शासनाच्या २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरविण्यात आला. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडत असल्याने ग्रामसभेचा अधिकार तेथे विशेष आहे. वनजमिनीतील वाटांना वन विभागाची परवानगी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावणे वा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे.

भारतातील प्रचार : कालबद्ध स्पर्धा भारतात मुख्यतः ‘वेळ-वेग-अंतर’ रॅलीच्या रूपाने रुजली आणि तीही मोटारगाड्यांच्या, उघड्या रस्त्यांवरच्या. सरासरी वेग रस्त्याच्या वेगमर्यादेखाली ठेवता येत असल्याने हा प्रकार हौशी लोकांना मानवला. १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनने स्त्रियांसाठी अशा रॅली भरविल्या आहेत. मुंबईचे नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये सुरू झालेली हिमालयन रॅली, तसेच १९९९ पासूनची रेड द हिमालय यांमुळे खडतर प्रदेशातील स्पर्धांची ओळख देशाला झाली. दुसरीत वेगवान गटाबरोबर वेळ-वेग-अंतर गटही असे. रॅलीत गाडी चालविणारा व हिशेब ठेवणारा असे दोघे असतात, हा एंड्युरोहून मोठा फरक होय. मोटारसायकलस्वाराला दोन्ही कामे एकट्याने करावी लागतात व समयगणक हा त्याचा मुका सहकारी असतो. महाराष्ट्रात, विशेषतः नाशिक परिसरात, झालेल्या राष्ट्रीय दर्जाच्या रॅली मात्र बंद केलेल्या टप्प्यांवर कमीत कमी वेळ घेणाऱ्याच्या असतात. त्यांत समयगणकाला काम नसते, अंतरमापकाला असते. डाकार रॅलीतही हाच प्रकार. ती पुरी करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष (२०१५) यांना वाट शोधण्यासाठी अंतर व दिशा यांचीच गरज होती.

अलीकडे उपग्रहांवरून स्थान ओळखणारे भ्रमणध्वनी अनेक रॅलींत हिशेबासाठी वापरतात. दाट झाडीत व नागमोडी वाटेवर त्यांचे अंतर चाकाच्या अंतराहून कमी भरते, कारण दोन नोंदींमधील वळण ते सरळ रेषेने कापतात. अमेरिकेतील राष्ट्रीय मालिकेने २००० नंतरच्या दशकात गुप्त चौक्यांची पद्धत सोडून, ठराविक ठिकाणी नव्याने सोडण्याची व मधल्या तुकड्यांत केवळ वेग मोजण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे तेथे समयगणकाची गरज उरली नाही. काही प्रादेशिक मंडळे जुन्या पद्धतीच्या शर्यती अजून भरवितात. महागड्या उपकरणामुळे साधे घड्याळ वापरणारा स्वार मागे पडतो, ही तक्रार या बदलापूर्वी बरीच वर्षे होत होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. गुणपत्रिका मात्र दोन्ही पद्धतींत एकाच घड्याळावरून भरतात. चौकीवरचे अधिकृत घड्याळ व तेथील नोंद निर्णायक असते. स्वाराच्या उपकरणाने दाखविलेली वेळ तिच्याविरुद्ध टिकत नाही.